उसवलेले मोजे

सांगवीच्या बौद्धवस्तीतल्या रंगूबाईंनी मला विणायला शिकवलं. माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी उरलेल्या लाल-पांढऱ्या लोकरीचे मोजे विणून आणले होते. घोट्यापासून बोटांपर्यंत पिंपळपानांची नक्षी होती.

त्या घरी परतल्यावर सासूबाई म्हणाल्या, "त्यांच्या घरचं आपल्या लेकराच्या पायात नगं. लोकर मातुर चांगली हाय."

मी मोजे उसवत गेले आणि सासूबाई लोकरीचे गुंडे करत गेल्या. उसवणं सोपं गेलं, कारण टाके रंगूबाईंनीच शिकवलेले होते. लोकर धुऊन मी नवे मोजे विणले, साध्या नागमोडी नक्षीचे.

पहिल्याच दिवशी ते काढले, तर बाळाच्या पावलावर वळ होता. मोज्याचा वळ उठतोच. पण हा नागमोडी नव्हता. पिंपळाचं पान होतं, देठासकट.

मोजे उलटे करून पाहिले. आत नुसते सुटे धागे होते.

तीन दिवस तेल लावलं, तरी वळ गेला नाही. तेल मी डाव्या हातानं लावत होते.

चौथ्या दिवशी रंगूबाई आल्या. सासूबाईंनी घाईघाईनं बाळाला मोजे घातले, पण बाळानं पाय झाडून एक काढलाच. रंगूबाईंनी ते पाऊल हातात घेतलं आणि पानावरून सावकाश अंगठा फिरवला.

"उसवताना कुणाकुणाचा हात लागला?" त्यांनी शांतपणे विचारलं.

सासूबाईंनी उजवा हात पदराखाली घेतला. माझी उजवी मूठ तर तीन दिवसांपासून मिटलेलीच होती.