ब्रेकातली हवा

मस्तगडच्या नरहरने जुनी मोटार घेतली, पण तिच्या ब्रेकच्या तेलात हवा शिरलेली. ती काढायला दोघं लागतात. म्हणून बायको सरोजिनी पेडल दाबायला आत बसली आणि नरहर चाकाजवळचा नट ढिला करायला खाली शिरला.

अडचण एवढीच, की ओसरीवर अप्पा बसले होते आणि वडिलांसमोर नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायची त्या घरात रीत नव्हती. नरहर खालून म्हणे, "आई, तिला म्हणावं दाबून धर, मी नट कसेपर्यंत सोडू नको." तुळजाबाई हा निरोप सुनेला पोचवीपर्यंत तिचा पाय उचललेला असे, आणि निघालेली हवा परत आत.

शेवटी अप्पाच वैतागले. "असं चाललं तर मला जांबला बैलगाडीतच जावं लागंल. बोला बाबा एकमेकांशी. पण कामापुरतं." आणि ते तोंड फिरवून बसले.

पुढच्या जुम्म्याच्या, म्हणजे निजामी राज्यातल्या शुक्रवारच्या सुट्टीलाही अंगणात "दाब", "दाबलं", "सोड" चालूच होतं. मधूनमधून हसणंही.

"अजून हवाच काढून राह्यले का हे?" अप्पांनी विचारलं.

"तुम्ही बिलकुल जल्दी करू नका," तुळजाबाई म्हणाल्या. "ब्रेकचं काम हाय, जिवाशी गाठ असती."



काल अप्पा कचेरीत असताना त्या याच मोटारीतून अंबडला बहिणीकडं जाऊन आल्या होत्या.