भिंतीतला बिल्ला

बिल्ला खरा ठरला, तर यंदाच्या जत्रेत पालखीपुढे चालायचा मान गणपाअण्णांना मिळणार होता आणि पिढीजात मानकरी इनामदार मागं सरणार होते. घराची जुनी भिंत पाडताना सापडलेला तो पितळी बिल्ला अण्णांनी चिंचेनं लखलखीत घासला होता. दोन सिंह, मधे ढाल, वर मुकुट.

"संस्थानची मुद्रा आहे ही! मान आमचाच," अण्णांनी देवळात बजावलं.

इनामदारांनी बिल्ला उलटून मागची मोडी अक्षरं वाचली आणि हात जोडले. "अस्सल आहे. पालखीच्या मशालजीचा बिल्ला! अण्णा, मशाल घेऊन पुढं तुम्हीच चालायचं."

अण्णांनी फेटा सावरला.

"मशालीचं तेलही बिल्लेवाल्याच्याच घरचं," म्हातारे गुरव म्हणाले. "बिल्ला हरवला म्हणून गाव तेलासाठी वर्गणी काढतंय. हरवला कसला, तुझ्या आज्यानं भिंतीत चिणला, गणपा!"

यंदा तेल अण्णांच्या घरचं जळलं, आणि त्या उजेडात इनामदार ठेच न लागता चालले.