बाहेरच्या गाठी

शार्क आत शिरू नयेत म्हणून सिडनीच्या त्या उपसागरात पोहण्याच्या जागेभोवती जाळी होती. ती थानासी वीस वर्षं शिवत आला होता. हल्ली मात्र भोकं आधीच कुणीतरी शिवलेली असायची.

"फुकटचा गडी मिळाला की तुला," पोहता पोहता म्हातारी डेस्पिना जाळीपाशी पाण्यात असलेल्या थानासीला म्हणाली.

"गाठी बाहेरून मारल्यात, मावशी. समुद्राकडून."

"म्हणजे आपण पळू नये म्हणून?" ती हसली. "चल, कॉफी पाजते."

दोघं किनाऱ्याकडे वळली. किनाऱ्यालगतच्या दगडी भिंतीवर तिचा टॉवेल वाळत होता. भिंतीवरून पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांपुढे मात्र नवीकोरी जाळी होती, गाठी पलीकडून मारलेल्या. पलीकडे कुणीच नव्हतं.

थानासीने सुरी काढून एक धागा कापला. दुसरा कापेपर्यंत पहिल्याला गाठ बसली होती.