दीर्घिकेच्या पोटातला ठिपका

चित्र पडद्यावर आलं आणि कॉफीकडे निघालेला देल्फीनचा हात तिथंच थांबला. दीर्घिकेच्या ऐन पोटात, जिथं उजेड हवा होता, तिथंच काळा ठिपका. भोवती झगझगीत कडं, आणि मध्ये काही म्हणजे काही नाही.

संपलं सगळं. गेलं वर्षभर तिनं एकच धोशा लावला होता की या दीर्घिकेतलं झोपलेलं महाकाय कृष्णविवर जागं झालंय. एक तारा त्याच्या तावडीत सापडलाय. त्याच्या चिंधड्या होऊन वायू गरगरत आत चाललाय, घासून घासून लाखो अंश तापलाय आणि क्ष-किरण ओकतोय. दुर्बिणीचा वेळ वाटणाऱ्या समितीतले हसले होते. तरी अवकाशातली दुर्बीण मिळाली, ती एकदाच. पुन्हा मागायला तोंड नव्हतं. हे फसलं तर नोकरी संपणार, आणि गाशा गुंडाळून मेन राज्यात, बापाच्या शेवंडं पकडायच्या बोटीवर जायचं. बापानं तिच्यासाठी रबरी बूटसुद्धा घेऊन ठेवले होते, तेही प्रेमानं. त्याचंच तिला जास्त लागलं होतं.

तिचा मार्गदर्शक म्हातारा नॉर्बर्ट बेगल, तो कड्यासारखा गोल पाव, खात आत आला. कॅमेऱ्याची मधली घरं, म्हणजे किरण टिपणारे पिक्सेल, मेलीत, असं तिनं सांगून टाकलं. तो बराच वेळ वाकून बघत राहिला.

"दुर्बीण डोलत होती ना गं?"

डोलत होतीच. ती मुद्दामच डोलवतात, म्हणजे कॅमेऱ्याचं एखादं मेलेलं घर आकाशातल्या एकाच जागी बसून राहत नाही. हे सांगता सांगता देल्फीन अडखळली. मेलेलं घर असतं तर डाग इकडेतिकडे फिसकटला असता. हा तर जागचा हललाच नव्हता.

"म्हणजे हे काळं कॅमेऱ्यातलं नाही," ती हळूच म्हणाली. "तिथलंच आहे."

नॉर्बर्टनं खुर्ची ओढली. एका घरात एका वेळी एकच क्ष-किरण मोजायचा, हा कॅमेऱ्याचा शिरस्ता. एकदम दोन पडले तर तो त्यांना एकच धरतो. रासच्या रास कोसळली तर हे खोटंच म्हणून सगळी फेकून देतो. कचरा गाळायला ही चाळणी त्यांच्याच माणसांनी बसवली होती.

चाळणीनं काय फेकून दिलं होतं, ते देल्फीनला एकदम कळलं. तिनं त्या ठिपक्यावर बोट टेकवलं आणि भाजल्यासारखं मागं घेतलं. नॉर्बर्टच्या हातातला बेगल तसाच राहिला होता.

"इतका उजेड," नॉर्बर्ट म्हणाला, "मी उभ्या जन्मात पाहिला नाही."