नातेवाईकाची खुर्ची

“तुमच्या आई गेल्या,” ड्रायव्हर म्हणाला आणि स्वतःच्या बुटांकडे बघत बसला.

“कुठे गेल्या?” समोरच्या खुर्चीतल्या बाईनं विचारलं.

ड्रायव्हर गडबडला. “म्हणजे... वर गेल्या.”

“गच्चीवर?”

सभागृहात हशा पिकला. ड्रायव्हरनं कपाळावरचा घाम पुसला. “मॅडम, रुग्णवाहिका चालवायला सांगा, डोळे मिटून चालवतो. हे आपल्याला जमायचं नाही.”

“डोळे मिटून चालवता म्हणूनच तुमच्या गाडीत कुणी हौसेनं बसत नाही,” मागच्या रांगेतली नर्स म्हणाली, आणि पुन्हा सगळे हसले.

प्रशिक्षिका मात्र हसली नाही. गंभीर आजाऱ्यांची घरी जाऊन सेवा करणारी तिची संस्था वर्षातून काही वेळा इतर लहान संस्थांच्या कार्यकर्त्यांना बोलावून शिकवायची. विषय एकच, वाईट बातमी कशी सांगावी. प्रशिक्षिका पुढे आली.

“गेल्या, सुटल्या, आपल्यात राहिल्या नाहीत, यातलं काहीही म्हणायचं नाही. तुम्ही शब्द चुकवलात की ऐकणारा त्या फटीतून आशा शोधतो. मृत्यू झाला, असंच म्हणायचं. आणि मग गप्प बसायचं. पुन्हा करा.”

समोरच्या खुर्चीतली बाई तयारच होती. महाविद्यालयात ग्रंथपाल होती ती, म्हणून इथं सगळे तिला ग्रंथपालबाईच म्हणत. प्रत्येक तुकडीला ती रजा टाकून यायची आणि नातेवाईकाच्या खुर्चीत बसायची. सराव तिच्यावर व्हायचा. कुणाचा नवरा, कुणाचा भाऊ असे बदल प्रशिक्षिकेनं सुचवून पाहिले होते. ती दरवेळी म्हणायची, “आईच ठेवू या. आई मला जमते.”

ड्रायव्हरनं खुर्ची जवळ ओढली. फोन बंद करून खिशात टाकला. या वेळी त्यानं तिच्या डोळ्यांत बघितलं.

“ताई, बातमी वाईट आहे. तुमच्या आईंचा आज सकाळी मृत्यू झाला.”

आणि तो गप्प बसला. धीर धरा म्हणाला नाही, पाणी आणू का म्हणाला नाही. पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला.

ग्रंथपालबाईचा चेहरा आधी तसाच होता. मग हनुवटी हलली. ती आवाज न करता रडू लागली, दोन्ही हात मांडीवर तसेच ठेवून. मागची नर्ससुद्धा खाली बघू लागली.

“काय हुबेहूब करतात हो,” कुणीतरी पुटपुटलं.

चहाच्या सुट्टीत प्रशिक्षिकेनं तिला बाजूच्या खोलीत नेलं. तिथं घडीच्या खुर्च्या एकावर एक रचल्या होत्या. दोघी उभ्याच राहिल्या.

“विश्वस्तांशी बोलले मी,” प्रशिक्षिका म्हणाली. “पुढच्या तुकडीपासून त्या खुर्चीत दुसरं कुणीतरी बसेल. तुम्हाला आम्ही प्रशिक्षक म्हणून तयार करणार आहोत. बाहेरगावचा मोठा अभ्यासक्रम आहे, खर्च संस्थेचा.”

“मला नको तो.”

“अहो, लोक यासाठी आमच्या मागे लागतात.”

“लागू देत. मला खुर्चीच हवी.”

प्रशिक्षिकेनं कप खिडकीत ठेवला. “स्पष्टच बोलते. तुम्ही नाटक करत नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. दरवेळी तुम्ही स्वतःची जखम उकरून आम्हाला दाखवता. हे शिकवणं नव्हे. तुम्हाला असं वापरून घ्यायचा आम्हाला हक्क नाही.”

ग्रंथपालबाईनं आपला कप दोन्ही हातांत धरला.

“आईंचं दुखणं मोठं होतं?”

“हो. हळूहळू गेली.”

“तुम्ही जवळ होतात?”

“रोज.”

“निरोप घेता आला?”

तिनं नुसती मान हलवली. नाही.

“आणि बातमी? ती कुणी सांगितली?”

“कुणीच नाही.” तिनं चहाचा घोट घेतला. “माझं मलाच कळलं. कामावरून घरी आले, आणि कळलं.”

प्रशिक्षिकेनं तिच्या दंडावर हात ठेवला. शिकवताना ती असं कधीच करत नसे.

“म्हणून म्हणते, नका काढून घेऊ खुर्ची,” ग्रंथपालबाई म्हणाली. “घरी मला रडता येत नाही. इथं कुणीतरी समोर बसून सरळ सांगतं. अडखळत का होईना, पण सांगतं. सांगितलं की रडता येतं. नंतर चार दिवस बरे जातात.”

बाहेर ड्रायव्हर नर्सला सांगत होता, “पाहिलंत? रडवलं की नाही?” आणि नर्स म्हणत होती, “त्यात काय मिरवायचं, मेल्या.”

प्रशिक्षिकेनं खिडकीतला कप उचलला. “या मग,” ती म्हणाली. “विश्वस्तांना मी सांभाळते. पण ज्या दिवशी नको वाटेल, त्या दिवशी माझ्याकडे यायचं. कबूल?”

“कबूल.”

दुपारचं सत्र लांबलं. संपता संपताच ग्रंथपालबाईनं पर्स उचलली. शेजारच्या काकू घरी खोळंबल्या असतील, एवढंच सांगून ती निघाली. बसला गर्दी होती. ती उभ्यानं आली. डोळे अजून जड होते, पण छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. खालच्या दुकानातून तिनं पाव आणि दूध घेतलं, जिने चढली आणि बेल दाबली.

काकूंनी दार उघडलं. पायात चपला घालूनच त्या उभ्या होत्या. “आज उशीर केलास गं,” म्हणत त्या लगबगीनं समोरच्या दारात शिरल्यासुद्धा.

ती आत आली. खिडकीजवळच्या आरामखुर्चीतून आई उठली, विस्कटलेल्या केसांवरून तिनं हात फिरवला आणि पाहुण्यांसाठी हसतात तसं हसून म्हणाली, “या ना, बसा. माझी मुलगी येईलच इतक्यात.”