निळ्या पट्टीचा डबा

अंगठ्यात कळ उठली तशी विंचूसरांनी आधी विंचू डब्यात घातला, झाकण लावलं आणि मगच ‘आई गं’ म्हटलं.

प्रयोगशाळेत चिटपाखरू नव्हतं. सुट्टीची दुपार. विंचवांना पाणी द्यायला आलोय, असं त्यांनी दारावरच्या पहारेकऱ्याला सांगितलं होतं. खरं म्हणजे बायको गेल्यापासून घर खायला उठायचं. इथे निदान भिंतभर डबे होते आणि प्रत्येक डब्यात कुणीतरी होतं. एका डब्यात एकच विंचू. दोघांना एकत्र ठेवलं की एक जण दुसऱ्याला फस्त करतो.

समोर भिंतीवर त्यांनीच लिहिलेले नियम होते. एकट्याने विंचू हाताळू नये. तो तर मोडून झाला होता. दंश झाल्यास घरच्या माणसाला ताबडतोब कळवावे. या ओळीसमोर मात्र ते बराच वेळ उभे राहिले.

घरचं माणूस म्हणजे मुलगी. ती डॉक्टर होती, याच शहरात राहायची आणि आई गेल्यापासून त्यांच्याशी बोलत नव्हती. बायकोने प्राण सोडला तेव्हा विंचूसर याच टेबलाशी एक नांगी चिमट्यात धरून बसले होते. “माणसाला नांगी फुटल्याशिवाय तुमचं त्याच्याकडे लक्षच जायचं नाही, बाबा,” एवढं बोलून मुलगी निघून गेली होती. ते खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त झोंबलं होतं.

लाल विंचवाचं विष माणसाला कसं मारतं, हे शोधण्यात त्यांचा जन्म गेला. विष नसांना चेतवतं आणि मग शरीर स्वतःचीच भीती रक्तात ओतत सुटतं. घाम फुटतो, हातपाय गार पडतात, काळीज उडायला लागतं. शेवटी फुप्फुसांत पाणी. उताऱ्याच्या गोळ्या कपाटात होत्या, पण लक्षणं दिसल्याशिवाय त्या घ्यायच्या नसतात. ते खुर्चीत बसून लक्षणांची वाट पाहू लागले. पाहुण्यांची पाहावी तशी. एकही येईना.

मग त्यांनी मुलीचा नंबर लावला. पलीकडे घंटा वाजू लागली आणि त्यांना दरदरून घाम फुटला. तळवे गार पडले. छाती धडधडायला लागली. चढलं विष, त्यांच्या मनात आलं.

“बाबा?”

“विंचू चावला गं.”

मग तिचा आवाज एकदम डॉक्टरचा झाला. “लाल?”

“लालच.”

“घाम येतोय?”

“खूप.”

“गोळी घ्या आणि पडून राहा. मी निघालेच.”

गोळी काढायला ते कपाटाकडे वळले आणि टेबलावरच्या डब्याची मागची बाजू त्यांना दिसली. तिथे निळी चिकटपट्टी होती.

विष काढून झालं की डब्याच्या पुढच्या बाजूला निळी पट्टी लावायची, ही इथली पद्धत. विजेचा हलका झटका दिला की नांगीतून थेंब गळतो आणि पुढे काही दिवस तो विंचू रिकामाच असतो. लहानपणी सुट्टीत या पट्ट्या लावायचं काम मुलगी हट्टाने मागून घ्यायची. ही पट्टी मात्र काल त्यांनी स्वतः लावली होती. घाईत, उलट्या बाजूला. नांगी टोचली होती, पण तिच्यात विष नव्हतंच.

घाम फोन ठेवताच ओसरला होता. जिवावरचं टळलं होतं आणि विंचूसरांना रडू येत होतं. आता फोन करून सांगायला हवं होतं, की येऊ नकोस, काही झालेलं नाही. त्यांनी फोन उचलला. पुन्हा ठेवला. मग नखाने खरवडून पट्टी काढली आणि टोपलीत टाकली. निदान त्यांना तसं वाटलं. या वयात चोरी करायची, तर ती धड कशी जमणार.

मुलगी जिना धावत चढून आली. तिचे केस कानांपाशी पांढरे झाले होते. ते कधी झाले, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिने अंगठा पाहिला. डबा पाहिला. मग तिची नजर त्यांच्या बाहीवर थांबली. कोपरापाशी निळी पट्टी चिकटलेली होती.

विंचूसरांनी मान खाली घातली. आता ही बोलेल आणि तशीच निघून जाईल, हे त्यांनी ओळखलं.

मुलीने पट्टी हलकेच सोडवली, चुरगळून आपल्या पर्समध्ये टाकली आणि खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली.

“नाडी फारच जलद आहे, बाबा,” ती म्हणाली. “आज तुम्हाला एकटं ठेवता यायचं नाही. मी घरी येते.”

तिने अजून त्यांच्या मनगटाला हातसुद्धा लावला नव्हता.