कोऱ्या लेबलाची तबकडी

डेलरॉय अंकलच्या रॅप अल्बममधलं चौथं गाणं मी तीस वर्षं ऐकतोय. रॅप तोंडपाठ आहे, पण माझा जीव अडकलाय तो मागे घुमणाऱ्या बाईच्या चार सेकंदांच्या आलापात. कुठल्याशा जुन्या तबकडीवरून अंकलनी तो उचलला होता. ती बाई कोण, हे शोधायला मी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधलं तबकड्यांचं एकही दुकान सोडलं नाही. फोनवरच्या गाणी ओळखणाऱ्या ॲपनेसुद्धा हात टेकले.

परवा शेवटी अंकलचंच दार वाजवलं.

"अंकल, आता तरी सांगा. चौथ्या गाण्यातली बाई कोण?"

"तीस वर्षं? पोलीससुद्धा एवढा मागे लागत नाही रे!" असं म्हणत त्यांनी कपाटातून तबकडी काढली. मधल्या लेबलावर एक अक्षर नव्हतं.

"तुकडा कुठल्या तबकडीतून उचललाय याचा दुसऱ्या डीजेंना पत्ता लागू नये म्हणून आम्ही सगळेच लेबलं भिजवून काढायचो. ही आईच्या बाथटबात भिजवली. वाटलं, माझ्या तरी लक्षात राहील."

त्यांनी टीव्ही बंद केला, खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि हळूच विचारलं,

"एवढी दुकानं पालथी घातलीस... काहीच कळलं नाही का रे तिचं?"